दादाचा डोळा कसा गेला

दादाचा डावा डोळा काचेचा होता. मला कळायला लागल्यापासून तो तसाच होता, त्यामुळे घरात त्याचं कुणाला काही वाटत नसे. सकाळी तोंड धुताना तो डोळा काढायचा, पितळी वाटीतल्या कोमट पाण्यात बुडवून स्वच्छ करायचा, परत बसवायचा आणि भोंगा व्हायच्या आत गिरणीत हजर व्हायचा. सोलापुरातल्या एका कापड गिरणीत तो टाइमकीपर होता. कुणी नवीन माणसानं डोळ्याबद्दल विचारलं तर स्वतःच हसून सांगायचा, "लहानपणी विटी लागली." आईही तेच सांगायची. आमच्या बोळातल्या पोरांना ती विटीदांडू खेळू द्यायची नाही आणि सगळ्यांना ते रास्त वाटायचं.

मी दादाहून पाच वर्षांनी लहान. वडील आमच्या लहानपणीच गेले. दादा मॅट्रिक होऊन गिरणीत लागला आणि त्याच्या पगारावर मी एम. एस्सी. झाले. प्राणिशास्त्र घेतलं होतं. सोलापुरातच एका कॉलेजात मला नोकरी मिळाली. दादाचं लग्न मात्र लवकर जमेना. डोळा पाहून लोक उठून जायचे. शेवटी होटगीच्या एका रेल्वे गँगमनची मुलगी सांगून आली. तिच्या वडिलांनी दादाला एवढंच विचारलं, "जलमाचं हाय का लागल्यालं?" आई चटकन म्हणाली, "लागलेलं हो, विटी लागली." ते म्हणाले, "मग हरकत न्हाय."

वहिनी माझ्याहून चार वर्षांनी लहान होती. सातवीपर्यंत शिकलेली, कामाला वाघ आणि बोलायला मोकळी. शेजारच्या तेलुगू मावशींबरोबर विड्या वळायला बसली तर महिन्याभरात त्यांच्याशी मोडकं तेलुगू बोलायला लागली. माझ्या शिक्षणाचं तिला फार कौतुक होतं. पोस्टातून आलेला साधा फॉर्म असो की डॉक्टरची चिठ्ठी असो, ती माझी वाट बघत थांबायची. "वन्सं येऊ दे, त्यांना इच्यारू," हे तिचं ठरलेलं वाक्य. मला ते आवडायचं. आज खरं सांगायचं तर मी त्याच्यावर फुगायची.

दुष्काळ नुकताच सरला होता, तेव्हा त्यांना मुलगी झाली. गोरी, गुटगुटीत, कुणाकडंही जाणारी. दादा गिरणीतून आला की कपड्यांना चिकटलेला कापूस झटकायचाही थांबायचा नाही, आधी तिला उचलायचा.

मार्गशीर्षात माझं लग्न ठरलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि त्या काळी हे वय आईची झोप उडवायला पुरेसं होतं. मुलगा टेंभुर्णीचा, सोलापुरात हायस्कूलवर शिक्षक. घरचे लोक चांगले होते, पण चौकस. बैठकीत त्यांच्या एका काकांनी आमच्या घराण्यात कुणाला वेड, कोड, फेफरं असं काही आहे का, हे स्पष्टच विचारून घेतलं होतं. वैशाखातली तारीख धरली.

त्यानंतर पंधरा दिवसांतलीच गोष्ट. संध्याकाळी मी कॉलेजातून आले. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन दारात बसली होती. दिवे नुकतेच लागले होते. मला बघून ती म्हणाली, "वन्सं, जरा बघा की. पोरीच्या डोळ्यात कायतरी चमकतंय."

"कुठं?"

"ह्या उजव्या. आत्ता न्हाय दिसायचं. ती तिकडं बघंल तवा दिसतंय. मांजराच्या डोळ्यावानी."

मी बाळाला घेतलं. तिनं मान वळवली, दिव्याचा उजेड तिरका पडला आणि बुबुळाच्या मधोमध, जिथं काळं असायला हवं तिथं, पांढरट पिवळी झाक दिसली. क्षणभरच. मग नेहमीसारखा काळाभोर डोळा.

मला काही कळलं नाही. पण बरं वाटलं नाही, एवढं आठवतं. वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणाले, "आईला विचारते."

आई मागच्या मोरीपाशी भांडी विसळत होती. मी तिला सांगितलं, तशी ती हातातलं पातेलं तसंच घेऊन खाली बसली. पाणी तिच्या लुगड्यावर सांडत होतं, तिला भान नव्हतं. मग म्हणाली, "मांजरासारखा म्हणाली?"

"हो."

"त्याचाही तसाच चमकायचा."

मग तिनं मला हळू आवाजात जे सांगितलं ते तिनं तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. दादा सव्वा वर्षाचा असताना त्याच्या डोळ्यात अशीच चमक दिसायला लागली होती. वडिलांनी त्याला परगावच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यात गाठ आहे म्हणून सांगितलं, डोळा काढला, आणि आणखी महिनाभर थांबला असतात तर पोर हाती लागलं नसतं असं म्हणाले. घरी परतताना वाटेतच आई-वडिलांनी विटीचं ठरवलं. त्यांना वाटलं, पोराला पुढं आयुष्य काढायचंय.

"मग बाळाला लगेच दाखवायला पाहिजे," मी म्हणाले.

आईनं माझा हात धरला. "दाखवू. पण आत्ता नको. हे बाहेर गेलं तर तुझं लग्न मोडेल. त्यांनी विचारलंय, घराण्यात काही आहे का म्हणून. वैशाख काय लांब आहे? आणि तिला तेच असेल असं कुठंय? दिव्याचा उजेडही असेल."

मी शास्त्र शिकलेली बाई. त्याच महिन्यात मी वर्गात आनुवंशिकता शिकवत होते. प्रयोगशाळेत मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून भरलेल्या बाटल्यांमध्ये फळमाश्या वाढवलेल्या होत्या. लाल डोळ्यांच्या आणि पांढऱ्या डोळ्यांच्या. एका जनुकात बदल झाला की डोळ्याचा रंग जातो आणि तो बदल पुढच्या पिढीत कसा उतरतो, हे मी फळ्यावर चौकोन काढून मुलांना समजावत होते. घरी बापाचा डोळा गेलेला आणि लेकीच्या डोळ्यात तीच चमक, हे माझ्यासमोर होतं. मला ते जोडता आलं नाही असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगितलं. ते खरं नाही. मला ते आईच्या मोरीपाशीच जोडता आलं होतं.

मी बाहेर आले. वहिनी तशीच बसली होती. "काय म्हणाल्या आत्याबाई?"

"काही नाही गं," मी म्हणाले. "दिव्याचा उजेड पडतो, त्यानं चमकतं. लहान मुलांचं असतं असं."

"व्हय?" ती लगेच हसली. "मला आपला घोर लागला हुता." आणि बाळाला थोपटत आत गेली.

पुढचे पाच महिने मी त्या डोळ्याकडं बघायचं टाळलं. बाळ माझ्याकडं झेपावलं की मी तिला खांद्यावर टाकायची, म्हणजे तिचं तोंड माझ्या पाठीकडं असायचं. माघात तो डोळा थोडा तिरळा व्हायला लागला. शेजारच्या मावशी म्हणाल्या, तिरळं मूल भाग्यवान असतं. चैत्रात डोळा लाल दिसायला लागला. आईनं बोरिकच्या पाण्यानं धुवायला सांगितलं. आई रोज सकाळी अंगारा लावायची, आणि ती लावत असताना मी बाजूला व्हायची. लग्नाच्या याद्या, अंतरपाटाचं कापड, जेवणावळी, ह्यांतच आई आणि मी स्वतःला बुडवून घेत होतो.

वैशाखात माझं लग्न झालं. दादानं बाळाला कडेवर घेऊनच माझी पाठवणी केली. मी टेंभुर्णीला गेले, पूजा, देवदर्शन झालं आणि पंधरा दिवसांनी आम्ही दोघं सोलापुरात बिऱ्हाड करायला आलो. दुसऱ्याच दिवशी मी माहेरी गेले. बाळाचा डोळा सुजून पुढं आला होता. ती रडत नव्हती. एका डोळ्यानं मला बघून हसली.

मग मात्र मीच धावपळ केली. सोलापुरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत तपासून सांगितलं, मुंबईला न्या, आजच्या गाडीनं न्या. इंग्रजी येतं म्हणून मी बरोबर गेले. दादा, वहिनी, बाळ आणि मी.

मुंबईच्या इस्पितळात ज्या डॉक्टरीणबाई होत्या त्या माझ्याच वयाच्या असतील. मराठी बोलत होत्या. बाळाला गुंगी देऊन त्यांनी दोन्ही डोळे तपासले. उजव्या डोळ्यात मोठी गाठ होती. डाव्यातही दोन बारीक ठिपके होते. उजवा काढावा लागेल, डाव्याला किरण द्यावे लागतील, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग दादाकडं बघून विचारलं, "तुमचा डोळा कसा गेला?"

दादानं सवयीनं सांगितलं, "लहानपणी विटी लागली."

"नक्की?"

"हो. मी दीड वर्षाचा होतो म्हणे."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दीड वर्षाच्या मुलाला विटी कशी लागेल? आठवा बरं. घरात कुणी काही वेगळं सांगितलंय का?"

दादा विचार करायला लागला. तो खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता, आणि ते मला बघवेना. मी म्हणाले, "दादा, विटी लागली नव्हती."

तो माझ्याकडं वळला.

"गाठ होती. बाळासारखीच. आईनं मला सांगितलं."

"कधी?"

खोटं बोलता आलं असतं. काल, परवा, काहीही सांगता आलं असतं. मी म्हणाले, "मार्गशीर्षात."

वहिनीच्या मांडीवर बाळ गुंगीत झोपलं होतं. वहिनी माझ्याकडं न बघता, बाळाच्या कपाळावरचे केस मागं सारत म्हणाली, "वन्सं, मी तुमाला इच्यारलं हुतं."

एवढंच. त्यानंतर ती ह्या विषयावर माझ्याशी आयुष्यात एक शब्द बोलली नाही.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून समजावलं. शरीरातली पेशी वाढते, एकीच्या दोन होतात, आणि कुठं थांबायचं हे सांगणारं काहीतरी तिच्याच आत असतं. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक बिघडली तरी दुसरी काम चालवते. दोन्ही बिघडल्या की पेशी थांबायचं विसरते.

दादा म्हणाला, "मागावर धागा तुटला की त्याच्यावरची लोखंडी पट्टी खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. ती पट्टी मोडली तर माग तसाच चालत राहतो आणि कापड वाया जातं. तसं?"

"अगदी तसं," त्या म्हणाल्या. "बाकीच्या माणसांकडं अशा दोन पट्ट्या असतात. तुमच्याकडं जन्मापासून एकच चालू आहे, आणि मुलीलाही तुमची ती मोडकी आली. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या पेशी लहानपणी भराभर वाढतात. त्यांतल्या एखादीची उरलेली पट्टी मोडली की गाठ सुरू होते. ज्यांना हे घराण्यातून येत नाही त्यांच्या एकाच पेशीत दोन्ही मोडाव्या लागतात, म्हणून ते क्वचित होतं आणि एकाच डोळ्यात होतं. असं आता तिकडं अमेरिकेत मांडायला लागलेत. ती पट्टी म्हणजे नेमकं काय, ते अजून कुणी दाखवलेलं नाही."

"पण मला एकाच डोळ्यात झालं," दादा म्हणाला.

"नशीब म्हणा. मुलीला दोन्हींत आहे, म्हणजे तुमच्याकडचं ते घराण्याचंच आहे. आधी माहीत असतं तर आम्ही हिला जन्मल्यापासून तपासत राहिलो असतो."

बाहेर आल्यावर मी त्यांना एकटीनं गाठलं. विचारलं, "पाच महिन्यांपूर्वी आणलं असतं तर?"

त्या म्हणाल्या, "हा डोळा तेव्हाही वाचला नसता. पण डोळ्यामागून मेंदूकडं जाणाऱ्या नसेत गाठ पोचली नसती. बहुतेक."

ह्या 'बहुतेक'वर मी किती रात्री आणि किती दिवस घालवले असतील. कधी वाटायचं, बहुतेक म्हणजे खात्री नाही. कधी वाटायचं, बाई मला सांभाळून घेत होत्या.

डोळा काढला. किरण दिले. बाळ घरी आलं, चालायला लागलं, दादाला "दाद्दा" म्हणायला लागलं, कारण आम्ही सगळे त्याला तेच म्हणायचो. दादाच्या चेहऱ्याला हात लावून ती आधी त्याचा काचेचा डोळा चाचपायची आणि मग स्वतःचा. पुढच्या हिवाळ्यात तिचं डोकं दुखायला लागलं, उलट्या व्हायला लागल्या. फाल्गुनात ती गेली. दोन वर्षांची व्हायला दोन महिने होते.

दहावा झाल्यावर दादा आईसमोर बसला. मी तिथंच होते. तो म्हणाला, "मला का नाही सांगितलं?"

आई म्हणाली, "सांगितलं असतं तर तुला मुलगी कुणी दिली असती?"

"नसती दिली," दादा म्हणाला.

आई रडली नाही. पदर तोंडावर घेऊन तशीच बसून राहिली. त्यानंतर ती सात वर्षं जगली, पण घरातला कुठलाच निर्णय तिनं घेतला नाही. भाजी कुठली करू एवढंही वहिनीला विचारायची.

माझ्या नवऱ्याला मी मुंबईहून आल्यावर सगळं सांगितलं होतं. बैठकीत त्यांच्या काकांनी विचारलं तेव्हा मला ठाऊक नव्हतं, पण पंधरा दिवसांनी ठाऊक झालं आणि मी गप्प बसले, हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी विचारलं, "मी तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही लग्न मोडलं असतंत?"

ते म्हणाले, "मला माहीत नाही. आता हो म्हटलं काय नि नाही म्हटलं काय." खोटं सांत्वन करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, आधार मात्र वाटला नाही.

पुढं वहिनीला दिवस राहिले. दादानं ठरवूनच डॉक्टरीणबाईंना पत्र टाकलं होतं. मुलाला हे येण्याची निम्मी शक्यता आहे, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि मूल महिन्याचं व्हायच्या आत घेऊन या, म्हणून. मुलगा झाला. त्याला घेऊन ते मुंबईला गेले तेव्हा मी म्हणाले, "मी येते बरोबर." वहिनी म्हणाली, "नगं. तुमाला कॉलेज हाय." तोपर्यंत तिनं माझ्याकडून एकही चिठ्ठी वाचून घेतली नव्हती. कुठलाही कागद आला की ती समोरच्या दुकानदाराकडं घेऊन जायची.

दोन तपासण्या कोऱ्या गेल्या. तिसऱ्या वेळी, पोर पाच महिन्यांचं असताना, एका डोळ्यात टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका सापडला. तो त्यांनी प्रखर प्रकाशानं जाळला. पुढची पाच वर्षं दादा आणि वहिनी त्याला घेऊन मुंबईच्या खेपा करत राहिले, आधी दोन महिन्यांनी, मग चार, मग सहा. दोन्ही डोळे वाचले. माझ्या मुलांचेही डोळे मी तपासून घेतले. ती चमक दिसतेय का, म्हणून मी त्यांना दिव्याखाली धरून मान वळवायला लावायची. त्यांना काही नव्हतं.

पुढच्या दशकात ते जनुक सापडलं. तेराव्या गुणसूत्रावर. कॉलेजच्या वाचनालयात एका नियतकालिकात मी ते वाचलं. गाठ होऊ न देणारं जनुक, अशी नवीच जात होती ती. तोवर आम्ही कर्करोग म्हणजे काहीतरी जास्तीचं सुरू होणं असं शिकवत होतो. इथं उलट होतं. जे थांबवायचं तेच हरवलेलं असतं. अशी आणखीही जनुकं मग सापडत गेली, वेगवेगळ्या कर्करोगांची. मी निवृत्त होईपर्यंत ते शिकवलं. चांगलं शिकवायची, असं मुलं म्हणतात. घरचं उदाहरण मी वर्गात कधी दिलं नाही.

भाचा इंजिनिअर झाला. त्याचं लग्न ठरायच्या वेळी मला बोलावलं होतं, आत्या म्हणून. मुलीकडचे अक्कलकोटाकडचे, आपापसात कन्नड बोलणारे. पोहे आले, चहा यायचा होता. दादा काही बोलायच्या आत वहिनी पुढं झाली. साठीला टेकलेली, केस पांढरे, बोलणं तेच.

"आदी माजं ऐका," ती म्हणाली. "ह्यांचा डोळा गाठीनं गेलाय. माझी पोरगी त्याच आजारानं गेली. पोराच्या डोळ्यात बी हुती, ती बारीक असतानाच जाळली. उद्या त्याच्या लेकरात येऊ शकतंय. आता रक्त तपासून आदी कळतंय म्हणत्यात. आमी काय लपवत न्हाय. तुमी इच्यार करा, मग सांगा."

मुलीनं भाच्याकडं पाहून दोन-तीन प्रश्न विचारले, त्यानं नीट उत्तरं दिली. दोन दिवसांनी कळवतो म्हणून ते लोक गेले, आणि दोन दिवसांनी त्यांचा होकार आला.

पण मला आठवते ती बैठक. वहिनी बोलत होती तेव्हा मी तिच्यासमोरच खुर्चीवर बसले होते. तिचं बोलून झाल्यावर ती ट्रे घेऊन आली, सगळ्यांना चहा दिला, मलाही दिला, "साखर कमीय, वन्सं," म्हणाली. माझ्याकडं तिनं रागानं पाहिलं असतं तरी चाललं असतं. तिनं पाहिलंच नाही.